साताऱ्याचे रस्ते आणि सायकलच्या टायरची रुंदी

घाटवाट

सायकल घेणाऱ्यांचे धागे या मंचावर वाढलेत आणि प्रत्येक धाग्यात टायरचा प्रश्न येतोच. २८ घेऊ की ३५? जाड टायरने सायकल जड जाते का? उत्तरं बहुतेक पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरून दिलेली असतात. आपल्याकडचं गणित वेगळं आहे, म्हणून हा स्वतंत्र धागा.

पोवई नाक्यावरून कुठल्याही दिशेला निघा, थोड्याच वेळात पायाखालचा रस्ता बदलतो. पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढून कास आणि पुढं बामणोली. डांबर आहे, पण पावसाळा सरला की कडा खचलेल्या असतात आणि नेमक्या वळणावर खडी पसरलेली असते. सज्जनगड फाट्यावरून ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे गेलात तर तीच गोष्ट, वर वारा वेगळा. पूर्वेला संगम माहुली ओलांडली की कोरेगाव-रहिमतपूरचा उसाचा पट्टा लागतो. गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेली माती आणि पाचट रस्त्यावर पसरलेलं. त्याच्याही पलीकडे खटाव-माण, मुरमाचे रस्ते. आणि या सगळ्याला छेदून जाणारा महामार्ग.

माझं म्हणणं एवढंच आहे की टायर घेताना आपल्या नेहमीच्या वाटेचा सर्वांत वाईट तुकडा डोळ्यांसमोर ठेवा. गुळगुळीत महामार्गावर जाड टायर थोडा मागे पडेल, पण खराब तुकड्यावर बारीक टायर तुम्हाला पाडू शकतो.

आधी आकडे समजून घेऊ. टायरवर ७००×२८ लिहिलेलं असतं त्यातले २८ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्याच्याच बाजूला बारीक अक्षरांत २८-६२२ असं माप असतं, ते जास्त भरवशाचं. ६२२ म्हणजे टायरची कड रिमवर जिथं बसते तिथला व्यास. ७००सी (रोड आणि हायब्रिड सायकलींचं नेहमीचं चाक) आणि २९ इंची एमटीबी (माउंटन बाइक) दोन्हीचं ते ६२२ च आहे. २७.५ इंचीचं ५८४, २६ इंची एमटीबीचं ५५९. हा आकडा जुळलाच पाहिजे. रुंदीत मात्र सवलत असते. शिवाय लिहिलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी एक नसते, रिम आतून रुंद असेल तर तोच टायर एक-दोन मिमी जास्त फुगतो.

आता तो जुना समज. २३ चा टायर, ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा, दगडासारखं चाक, म्हणजे सायकल पळणार. शर्यतीतली माणसंही वर्षानुवर्षं असंच करत होती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तीच माणसं २३ वरून २५, मग २८ आणि आता ३० पर्यंत आली आहेत. पॅरिस-रूबे या दगडी फरसबंदीच्या शर्यतीत ३०-३२ मिमी आता नवलाचे राहिले नाहीत. कारण साधं आहे. टायर फिरताना रबर दबतं, परत फुगतं, आणि त्यात थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. समान हवेत जाड आणि बारीक टायर जमिनीला जवळपास सारख्याच क्षेत्रफळाने टेकतात, पण बारीक टायरचा ठसा लांबट असतो आणि त्याची भिंत जास्त वाकते. म्हणजे समान हवेत जाड टायरच कमी ताकद खातो. प्रत्यक्षात आपण जाड टायरमध्ये हवा कमी ठेवतो, म्हणून हा फायदा बराचसा फिटतो आणि वेगात मोठा फरक उरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत लोखंडी ढोलावर टायर फिरवला तर हवा जितकी जास्त तितका रोध कमी दिसतो. खऱ्या रस्त्यावर तसं होत नाही. एका मर्यादेपुढे चाक प्रत्येक खड्यावरून उडायला लागतं आणि ती उडी तुमचे हात, खांदे, कंबर झेलतात. अंग हादरण्यात जाणारी ताकद पायांतूनच आलेली असते. रस्ता जितका खडबडीत तितकी ही मर्यादा लवकर येते.

वजनाचंही मांडून बघा. २८ चा टायर साधारण २५०-३०० ग्रॅमचा, ४० चा ४५०-५०० ग्रॅमचा. दोन्ही चाकं मिळून फरक चारशे ग्रॅम. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या धरून ८५ किलो वर चढवायचे असतील तर हे अर्धा टक्कासुद्धा नाही. तासाभराच्या चढाला पंधरा-वीस सेकंद. यवतेश्वरच्या उतारावर खडीत चाक सरकलं तर काय होतं याच्यापुढे ही वीस सेकंद मला काहीच वाटत नाहीत.

माझी शिफारस अशी. फक्त महामार्ग आणि चांगलं डांबर असेल तर २८ ते ३२. कास, ठोसेघर, पसरणी घाटाने पाचगणी अशी भटकंती असेल तर ३२ ते ३५. रोज उसाच्या पट्ट्यातून जाणं-येणं असेल तर ३५ ते ४०. पाणंद, मुरूम, धरणाच्या कडेचे कच्चे रस्ते असतील तर ४० ते ४५, आणि तिथं बाजूला गुट्ट्या, म्हणजे रबराचे उंचवटे, असलेला टायर. सुट्टे दगड, ओढे असतील तर सरळ एमटीबी, दोन इंचांच्या वर.

हवा, ७५-८० किलोच्या माणसासाठी, ट्यूब असताना: २८ ला ७५ च्या आसपास, ३२ ला ६०-६५, ३५ ला ५०-५५, ४० ला ४०-४५, सव्वादोन इंचीला ३० च्या आसपास. मागच्या चाकावर भार जास्त असतो म्हणून पुढच्यात चार-पाच पीएसआय कमी. इथून सुरुवात करा आणि आपल्या रस्त्यावर वर-खाली करून बघा. दोन दोन पीएसआयनेसुद्धा फरक कळतो.

माहुलीकर

छान धागा. वाचनखूण साठवली.
माझी हायब्रिड आहे, ७००×३५. रोज माहुलीहून गावात कामाला आणि परत. सगळे म्हणतात २८ टाक, उडेल. टाकू का?

घाटवाट

@माहुलीकर, घाई करू नका. आधी सध्याच्या टायरमध्ये हवा किती आहे ते गेज लावून बघा. अंगठ्याने दाबून बघणं ३५ च्या टायरला फसवतं, ३० पीएसआयलाही तो कडक लागतो. ५० करा आणि आठवडाभर चालवा. दुसरं म्हणजे, कंपनीकडून हायब्रिडला बरेचदा जाड रबराचा, कडक भिंतीचा टायर येतो. तो वाकताना जास्त ताकद खातो. तो झिजला की त्याच रुंदीचा, मध्ये गुळगुळीत, मऊ भिंतीचा टायर घ्या. पायांना जो हलकेपणा हवा आहे तो मुख्यतः तिथून मिळेल. २८ केलात तर माहुलीच्या वाटेवरचे उसाच्या ट्रॉल्यांनी केलेले खड्डे रोज मोजाल.

लांबपल्ला

बऱ्याच गोष्टी पटल्या, एका ठिकाणी असहमती नोंदवतो.

मी बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास असतात. आमच्यातले बरेच जण २८ वर असतात आणि ते हौस म्हणून नव्हे. महामार्गावर, सपाटीला, ३० च्या वर वेग टिकवायचा असेल तर हवेचा रोध हाच मुख्य शत्रू असतो. तिथं टायर रिमपेक्षा फार फुगलेला असेल तर वारा त्याच्यावर अडतो. रिम टायरपेक्षा किंचित रुंद असावी असा एक ढोबळ नियम आहे. जुन्या अरुंद रिमवर ३५ चढवून महामार्गावर वेग मागणं बरोबर नाही.

पण आरामाचं घाटवाट म्हणतात ते शंभर टक्के खरं. दीडशे किमीनंतर हाताची बोटं बधिर होतात ती बहुतेकदा जास्त हवेमुळे. नवीन लोकांना मी ३२ सांगतो. महामार्गावरच्या पुलांचे सांधे आणि सर्व्हिस रोडच्या गटारावरच्या जाळ्या या दोन गोष्टींसाठीसुद्धा ३२ बरा. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर बारीक टायर सरळ आत जातो.

आणि महामार्गाच्या कडेला पंक्चर होतं ते खिळ्यांपेक्षा तारांनी. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसासारख्या पोलादी तारा. डोळ्यांना दिसत नाहीत. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा, तार असेल तर कापड अडकतं. बोट फिरवू नका, टोचतं.

घाटवाट

@लांबपल्ला, हवेच्या रोधाचं मान्य. ३० च्या वर सातत्याने चालवणाऱ्याने २८ घ्यावा, माझी ना नाही. पण इथं विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा सरासरी वेग १८-२२ आहे आणि वाटेत घाट आहे. त्यांच्यासाठी माझा कल ३२-३५ कडेच राहील.

माणदेशी_चाक

तुमचं समदं खरं हाय दादा, पण आमच्याकडं रुंदीच्या आधी काट्याचं बघावं लागतंय. दहिवडीपास्नं म्हसवडपर्यंत रस्त्याच्या कडंला सराटा पसरलेला असतोय. जिमिनीला चिकटून वेल, पिवळी फुलं बारीक. फळ वाळलं की त्याची टोकदार खापरं हुत्यात आणि कशीबी पडली तरी एक काटा वर असतोच. अमेरिकेतली सायकलवाली मंडळी ज्याच्या नावानं बोटं मोडत्यात त्यो हाच. आणि बाभूळ हायच.

रुंद टायर घेतला म्हणून सराटा सोडत न्हाई. उलट रुंद टायर जास्त जागा झाडत जातोय, म्हणून काटं जास्त गोळा करतोय. फायदा एवढाच की रुंद टायरला हवा कमी लागती, त्यामुळं ट्यूबलेस (बिनट्यूबचा) केला तर आत घातलेला भोक बुजवायचा द्रव भोक लगीच भरतो. बारीक टायरात ८० च्या हवेला त्यो द्रव फवाऱ्यागत बाहीर येतोय, भोक भरंस्तोवर निम्मी हवा गेलेली असती.

माझं तर ४० हायत, ट्यूबलेस. काटा घुसला की उपटायचा, भोक खाली करून चाक जरा फिरवायचं, झालं. पण उन्हाळ्यात त्यो द्रव वाळतोय, दोन-तीन म्हयन्यानी परत घालावा लागतोय. कुणी सांगत न्हाई हे दुकानात.

ट्यूबवाल्यांनी एक करा. सायकल रस्त्याच्या कडंला आडवी टाकू नका, हातात उचलून डांबरावर उभी करा. निम्मी पंक्चरं चहा प्यायला थांबल्यावर हुत्यात.

सायकलस्वारीण

एक शंका. सगळीकडे ७५-८० किलोच्या पुरुषाचेच आकडे असतात. माझं वजन ५०. सायकलला ३५ चे टायर आहेत, दुकानातून ६० हवा भरून दिली होती. यवतेश्वरच्या वळणांवर उतरताना पुढचं चाक खडीवर घसरतं, आणि हात इतके हादरतात की ब्रेक नीट धरता येत नाही. सगळे सांगतात अजून जाड टायर घे. माझ्या फ्रेममध्ये ३८ च्या वर बसत नाही. काय करू?

घाटवाट

ताई, फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर टायर न बदलताच आहे. हवा वजनाच्या प्रमाणात असते. ८० किलोच्या माणसाला ३५ मध्ये ५०-५५ लागते, तर तुम्हाला ३५-४० पुरे. मागे ३८, पुढे ३४ पासून सुरू करा. ६० ला तुमचा ३५ चा टायर जवळजवळ दबतच नसेल, मग तो खडीवरून उड्या मारतो आणि जमिनीला टेकत नाही. पकड टेकण्यावर अवलंबून असते.

कमी हवेची भीती असते ती चिमटा पंक्चरची. खड्ड्याच्या काठावर टायर पूर्ण दबला की ट्यूब रिम आणि काठ यांच्यात सापडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तुमच्या वजनाला ३५ च्या टायरमध्ये ३४-३८ वर हे सहजी होणार नाही. झालंच, किंवा वळताना टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला, तर तीन पीएसआय वाढवा. टायरच्या बाजूला जी कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवा छापलेली असते तिच्या आतच राहा.

ब्रेक नीट धरता न येण्याचं दुसरं कारण ब्रेकची मूठही असू शकते. बऱ्याच ब्रेकच्या मुठीवर छोटा स्क्रू असतो, त्याने ती हँडलच्या जवळ आणता येते. लहान हातांना त्याने मोठा फरक पडतो.

सायकलस्वारीण

पुढं ३४, मागं ३८ करून काल कासला जाऊन आले. तीच सायकल वाटत नाही. उतरताना पहिल्यांदाच रस्त्याकडे नीट बघता आलं. मनापासून आभार!

कृष्णाकाठ

पलूसकडून लिहितोय. आमची काळी माती या चर्चेत यायलाच हवी.

मुरमाच्या रस्त्याला जाड टायर बरोबर. काळ्या मातीला पाऊस लागला की तेच जाड टायर अडकून बसतात. ही माती टायरला चिकटते, थर वाढत वाढत चिमट्यापर्यंत (चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तिथपर्यंत) पोहोचतो आणि चाक थांबतं. ढकलूनही जात नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेव्हा टायर किती रुंद यापेक्षा टायर आणि चिमट्यात मोकळी जागा किती हे बघा. दोन्ही बाजूंना आणि वर निदान ५-६ मिमी हवेत, आमच्याकडे १० असले तर उत्तम. फ्रेममध्ये जेमतेम ४० बसत असेल तर ३५ च घाला आणि मोकळी जागा मातीला ठेवा. पावसाळ्यात मडगार्डसुद्धा उंच लावा.

गुट्ट्यांबद्दल: दाट गुट्ट्यांचा टायर या मातीत दोन मिनिटांत गुळगुळीत होतो, कारण फटी भरून जातात. विरळ आणि उंच गुट्ट्या असतील तर वेगात माती झटकली जाते. ओल्या डांबराला मात्र गुट्ट्यांचा काही उपयोग नाही. मोटारीसारखा पाण्यावर टायर तरंगणं हा प्रकार सायकलच्या वेगाला आणि सायकलच्या अरुंद टायरला होत नाही. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायरच जास्त रबर टेकवतो. घसरायला होतं ते पांढऱ्या पट्ट्यांवर, शेवाळावर आणि डिझेल सांडलेल्या जागी, तिथं कुठलाच टायर वाचवत नाही.

रिम_आउट

सायकल दुरुस्तीचं काम करतो, म्हणून दुकानातल्या बाजूने थोडं.

जाड टायर घ्यायला येणारे तीन गोष्टी मोजून आणत नाहीत. एक, रिमची आतली रुंदी. टायर तिच्या साधारण दीडपट ते सव्वादोनपट असावा. १५ मिमीच्या रिमवर ४० चा टायर बसतो, पण कमी हवेत वळताना लोळतो. दोन, ब्रेक. डिस्क ब्रेक असेल तर फक्त फ्रेम बघायची. जुन्या रोड सायकलच्या कॅलिपर ब्रेकखाली २५, फार तर २८ जातो, त्यापुढे टायर ब्रेकलाच घासतो. तीन, मागच्या चाकाजवळ पेडलच्या बाजूला फ्रेम किती अरुंद होते ते. समोरून सगळं मोकळं दिसतं आणि टायर घासतो तो तिथं. चाकात थोडा आउट असेल, म्हणजे चाक फिरताना डुलत असेल, तर आणखी.

वॉलचंही (हवा भरायच्या नळीचंही) बघा. बारीक वॉलच्या ट्यूबला रिमला ६.५ मिमीचं भोक असतं, मोटारसायकलसारख्या जाड वॉलला ८.५ चं. जाड भोकात बारीक वॉल घातला तर बाजूने ट्यूब बाहेर येऊन फाटते, मध्ये रबरी वायसर लागतो. ट्यूबचं मापही टायरच्या रुंदीप्रमाणे घ्या. २८ ची ट्यूब ४० च्या टायरात ताणून पातळ होते.

आणि कृपा करून पेट्रोल पंपावरच्या किंवा ट्रकच्या कॉम्प्रेसरने सायकलमध्ये हवा भरू नका. सायकलच्या टायरात हवेला जागाच इतकी कमी असते की काटा बघेपर्यंत ट्यूब फुटते. गेज असलेला पायपंप घरी ठेवा, टायरपेक्षा आधी तो घ्या.

घाटवाट

@रिम_आउट, हे वर पिन करायला हवं. पंपाबद्दल तर विशेष.

अवांतर, पण मनापासून लिहितो. ४०-४५ चे गुट्ट्यांचे टायर घेतल्यावर काही जण कासच्या पठारावर सायकल उतरवतात. तिथं जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि त्यावरच ती फुलं येतात. २०१२ पासून कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. टायरचा चर पडला की पाणी त्यातूनच वाहतं आणि माती जाते. टायर कितीही रुंद असो, कासला चाक डांबरावरच राहू द्या. गुट्ट्या वापरायला आपल्याकडे पाणंदी भरपूर आहेत.

माहुलीकर

घाटवाट दादा, गेज आणलं. मागच्या चाकात २६ निघाली! ५० केली. २८ चा विचार सोडला.

अजून एक. घरी आजोबांची काळी सायकल आहे, चोवीस इंची फ्रेमची, सळईचे ब्रेक. टायर कुजलेत. त्यावर २८×१½ लिहिलंय. ७००×२८ चा टायर तिला बसेल का? दोन्हीकडे २८ च आहे.

रिम_आउट

नाही बसणार. त्या २८ चा अर्थ चाकाचा बाहेरचा व्यास, अंदाजे, इंचांत. तुमच्या ७००×२८ मधले २८ रुंदीचे मिलिमीटर आहेत. काळ्या सायकलच्या रिमचं माप ६३५, ७००सीचं ६२२. तेरा मिमीचा फरक, टायर रिमवर चढणारच नाही. त्या सायकलचा मूळ टायर ४० मिमीचा आहे, म्हणजे इथं सगळे जी रुंदी विकत घ्यायला बघतायत तीच.

जुन्या सायकल दुकानात मिळेल. बाजूला ४०-६३५ किंवा २८×१½ यांपैकी काहीही लिहिलेलं चालेल. ट्यूब त्याच मापाची घ्या, रिमच्या आतली पट्टी नवीन टाका, कारण गंजलेल्या तारांची टोकं ट्यूबला लागतात. वॉलची रबरी नळीही बदला, इतक्या वर्षांनी ती तडकलेली असणार. सळईच्या ब्रेकचे रबर मिळाले नाहीत तर इथं लिहा, माझ्याकडे असतील.